पातं जुनं, मूठ नवी

जावामधल्या लावू पर्वताच्या उतारावर सुकुह हे पंधराव्या शतकातलं मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात भीम चक्क लोहार झालाय, अर्जुन भाता चालवतोय आणि मधे गणपती नाचतोय. भोवती हत्यारं मांडलेली. इंडोनेशियाच्या क्रिस या खंजिरावर भारताची छाप किती जुनी आहे, हे सांगायला एवढं पुरे.

पण बाहेरून आलेल्या गोष्टी खऱ्या अर्थाने दिसतात त्या मुठीवर. क्रिसचं पातं घराण्याचा वारसा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपतात. मूठ मात्र सुटी असते: पात्याची निमुळती सळई कापड गुंडाळून तिच्यात घट्ट बसवलेली. त्यामुळे मालक बदलला, फॅशन बदलली की मूठही बदलता येते.

बालीत हिंदू परंपरा टिकली. तिथे मुठीवर बटबटीत डोळ्यांचे, सुळे काढलेले राक्षस आणि देव बसतात. श्रीमंतांकडे सोन्याचे, रत्नं जडवलेले. मध्य जावात गेलात तर मूठ साधी, कुंतीच्या झाडासारख्या लाकडाची, किंचित वाकलेली. आतल्या बाजूला अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन जागी बारीक कोरीव काम, बाकी सगळं गुळगुळीत. त्या नक्षीत अभ्यासकांना डोळे-नाक उरलेला चेहरा दिसतो. इस्लाम आला आणि मूर्तीची वेलबुट्टी झाली, असं याचं नेहमीचं स्पष्टीकरण. मला ते अर्धंच पटतं. त्याच मुसलमान जावाने छायानाट्यातले भीम-अर्जुन कुठे सोडले? सुमात्राकडच्या मुठींवर तर हाताची घडी घालून, अंग चोरून बसलेली आकृती अजून ओळखू येते.

जावाजवळच्या मदुरा बेटावर आणखी गंमत. डच अंमल आला, तसे तिथल्या कारागिरांनी हस्तिदंती मुठींवर युरोपीय राजमुकुट आणि सिंह कोरले; पण भोवतीची पानं-फुलं आपलीच ठेवली. तिथल्या पंख असलेल्या घोड्याचं मूळ ठरवणं मात्र अवघड. युरोपीय राजचिन्हांत तो आहे, इस्लामी परंपरेतलं पैगंबरांचं वाहन बुराक, तेही पंखांचंच, आणि मदुरातल्या सुमेनेपच्या दंतकथेतला वीर जोकोतोले उडत्या घोड्यावरच स्वार होतो. युरोपीय चिन्ह इतक्या सहज मुठीवर चढलं, ते बहुधा घोडा आधीच ओळखीचा होता म्हणून.