तळणीचं तेल आणि यकृतातली विकरं

रक्ततपासणीच्या रिपोर्टात एसजीपीटी या यकृतातल्या विकराचा (एन्झाइमचा) आकडा चढला की आपण म्हणतो, ‘लिव्हरची एन्झाइम्स वाढली.’ बहुतेकदा ती सांडलेली असतात: पेशीचं आवरण दुखावतं आणि आतली विकरं रक्तात येतात. पेशीच्या आतच निकामी झालेली विकरं मात्र या रिपोर्टात दिसत नाहीत.

ती निकामी होण्याची सुरुवात होते तेलातल्या लिनोलिक आम्ल या मेदाम्लापासून. जुन्या वाणांच्या करडई तेलात ते 70-75 टक्के असतं, शेंगदाणा तेलात साधारण 30, खोबरेलात जेमतेम 2. त्याच्या दोन दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. उष्णता, उजेड किंवा लोह-तांब्याचा अंश मिळाला की तो निसटतो, तिथे ऑक्सिजन बसतो, पेरॉक्साइड तयार होतं आणि साखळी तुटते. तुकड्यांपैकी सर्वांत खोडकर 9 कार्बनचा: 4-हायड्रॉक्सीनोनेनाल, म्हणजे एचएनई. 1980 मध्ये तो यकृताच्याच मेदातून ओळखला गेला.

एचएनई प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला चिकटतो. अनेक विकरांचं काम याच गंधकावर चालतं. एरवी ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक संयुग एचएनईला आधीच पकडतं. ते संपत आलं की विकरांची पाळी. गंमत, खरं तर पंचाईत, अशी की एचएनईची विल्हेवाट लावणाऱ्या एएलडीएच-2 या विकरालाही तो बंद पाडतो. दारूतून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड साफ करणारं विकरही हेच. यकृतातून रक्तात साखर सोडायला मदत करणाऱ्या ग्लुकोज-6-फॉस्फेटेज या विकराची तऱ्हा थोडी वेगळी: ते पेशीतल्या पटलात, म्हणजे मेदाच्या पातळ पडद्यात, रुतलेलं असतं, पटलाचा मेद खवट झाला की त्याचं काम मंदावतं.

एका प्लेट भज्यांनी हे होत नाही. फॅटी लिव्हर आणि दारू असेल तर यकृत स्वतःच भरपूर एचएनई बनवतं. जळकं तेल त्यात भर घालतं. तळणीच्या तेलाचे थेट पुरावे मुख्यतः उंदरांवरचे आहेत.

तळण 170-180 अंशांवर ठेवा. धूर निघू देऊ नका. उरलेलं तेल निवल्यावर गाळा, कारण करपलेला चुरा पुढची बिघाडी वाढवतो. गाळल्याने तयार झालेले तुकडे मात्र जात नाहीत. त्यामुळे हे तेल पुन्हा तळणीला न घेता दोनेक दिवसांत फोडणीत संपवा. जुन्यात नवं तेल ओतलं तर जुन्यातली पेरॉक्साइडं नव्यालाही लवकर नासवतात. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवू नका. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 1 जुलै 2018 पासूनची मर्यादा एकूण ध्रुवीय संयुगांसाठी, म्हणजे तेल बिघडताना बनणाऱ्या पदार्थांसाठी, 25 टक्के आहे. ती मोजायला मीटर लागतं. घरी खूण एवढीच: तेल दाट झालं, फेस बसेना, किंवा नेहमीपेक्षा आधी धुरावलं, तर ते टाकण्याजोगं झालं.