ऑगस्टचा गुणतक्ता

24 ऑगस्ट 1974 ला इंग्लंडच्या प्रथम श्रेणी फुटबॉलच्या गुणतक्त्यात सगळ्यात वर कार्लाईल युनायटेडचं नाव होतं. स्कॉटलंडच्या वेशीवरचं लहानसं शहर, आणि वरच्या श्रेणीत खेळण्याची क्लबची पहिलीच वेळ. चेल्सीला त्यांच्याच मैदानावर 2-0 हरवलं, मिडल्सब्रोला त्यांच्या घरी 2-0, मग आपल्या घरी टॉटनहॅमला 1-0. तीन सामने, तीन विजय, अंगावर एकही गोल नाही. त्या आठवड्यात कार्लाईलच्या चाहत्यांनी मनात कोणकोणते मांडे खाल्ले असतील, ते वेगळं सांगायला नको. हंगाम संपला तेव्हा हाच संघ 29 गुणांसह शेवटून पहिला आला आणि खाली गेला. त्यानंतर तो प्रथम श्रेणीत पुन्हा दिसलेला नाही.

हे माहीत असूनही दर वर्षी, जगातल्या प्रत्येक लीगमध्ये, चाहते दोन-तीन सामन्यांनंतर गुणतक्ता उघडून बसतातच. याला भाबडेपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण ही आशा चाहत्यांच्या स्वभावातून जितकी येते, तितकीच लीग नावाच्या रचनेतूनही येते, आणि ती रचना एका दिवसात झालेली नाही.

1888 च्या आधी इंग्लिश क्लबांकडे दोनच गोष्टी होत्या: चषक स्पर्धा आणि मैत्रीपूर्ण सामने. चषकात एकदा हरलं की विषय संपला. मैत्रीपूर्ण सामने तर समोरचा संघ ऐनवेळी दुसरीकडे गेला म्हणूनही रद्द व्हायचे. 1885 पासून खेळाडूंना उघडपणे पगार देता येऊ लागला होता, आणि पगार द्यायचा तर दर शनिवारी तिकिटं खपायला हवीत. अ‍ॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगरने मार्च 1888 मध्ये इतर क्लबांना पत्र धाडलं ते या पोटापाण्याच्या प्रश्नापायी. त्यातून बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळायचं. पहिला सामना हरलात तरी एकवीस उरतात. ‘अजून वेळ गेलेली नाही’ असं म्हणण्याची सोय चाहत्याला इथे पहिल्यांदा मिळाली.

गंमत म्हणजे 8 सप्टेंबर 1888 ला लीग सुरू झाली तेव्हा विजयाला किती गुण द्यायचे हेच नक्की नव्हतं. फक्त विजय मोजावेत, बरोबरीला काहीच नको, असंही एक मत होतं. विजयाला दोन आणि बरोबरीला एक हा हिशेब नोव्हेंबरात पक्का झाला. म्हणजे पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला आपण कुठे आहोत हे कुणालाच धड सांगता आलं नसतं. प्रेस्टनच्या चाहत्यांना त्याची फिकीर नव्हती. त्यांचा संघ 22 पैकी 18 सामने जिंकला, चार बरोबरीत सोडवले, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या व्हिलापेक्षा 11 गुण पुढे राहिला.

हंगामाची सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होण्यामागे क्रिकेट आहे. उन्हाळा क्रिकेटचा, हिवाळा फुटबॉलचा, अशी वाटणी होती. कित्येक फुटबॉल क्लब क्रिकेट क्लबांतूनच निघालेले आणि मैदानंही सामायिक. पुढे फुटबॉल ऑगस्टमध्ये शिरलं आणि दोन हंगाम एकमेकांवर चढले. वर सांगितलेल्या टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यातला एकमेव गोल पेनल्टीवर करणारा ख्रिस बाल्डरस्टोन हा या गोंधळाचा चालताबोलता पुरावा. सप्टेंबर 1975 मध्ये तो दिवसा लेस्टरशायरकडून काउंटी सामन्यात फलंदाजी करून नाबाद राहिला, संध्याकाळी डॉनकास्टर रोव्हर्सकडून फुटबॉलचा सामना खेळला, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन शतक पुरं केलं. पुढच्या वर्षी तो इंग्लंडकडून दोन कसोटीही खेळला.

मधल्या फळीतल्या आणि तळातल्या संघांच्या आशेला आकार दिला तो बढती आणि घसरणीने. 1892 मध्ये दुसरी श्रेणी आली तेव्हा वर-खाली होणं आपोआप नव्हतं. वरच्या श्रेणीतले तळाचे संघ आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ यांच्यात निवड सामने व्हायचे. 1898 च्या अखेरच्या निवड सामन्यात स्टोक आणि बर्नली दोघांनाही एकेक गुण पुरेसा होता. साहजिकच कुणी गोल करायच्या भानगडीत पडलं नाही आणि सामना 0-0 सुटला. या बनवाबनवीनंतर थेट बढती-घसरणीचा नियम आला. तेव्हापासून ऑगस्टमध्ये प्रत्येकाला आशा करायला काहीतरी आहे: कुणाला विजेतेपद, कुणाला नुसतं टिकणं.

1981 मध्ये इंग्लंडने विजयाला तीन गुण दिले आणि नंतर जगाने तेच उचललं. दोन सलग विजयांनी तक्त्यात मोठी उडी मारता येते ती यामुळे.

आता प्रश्न असा की ऑगस्टची आशा कधी खरी होते का? होते, आणि तिथेच सगळी पंचाईत आहे. नॉटिंगहॅम फॉरेस्ट 1977 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून तिसरं येऊन वर आलं, पहिल्याच सामन्यात एव्हर्टनला त्यांच्या मैदानावर 3-1 हरवलं, आणि वर्षअखेर विजेतं ठरलं. कायझर्सलाउटर्नने 1997 मध्ये बढती मिळवून पहिल्याच दिवशी म्युनिकमध्ये बायर्नला 1-0 हरवलं. प्रशिक्षक होते ऑटो रेहागेल, ज्यांना बायर्नने वर्षभरापूर्वीच नारळ दिला होता. पुढच्या मे महिन्यात जर्मन लीगची ढाल कायझर्सलाउटर्नकडे होती. लेस्टर सिटी 2014-15 मध्ये 140 दिवस तळाला होतं, शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसंबसं वाचलं. ऑगस्ट 2015 मध्ये त्यांच्या विजेतेपदावर सट्टेबाजांचा भाव एकास पाच हजार होता. पहिल्या सामन्यात त्यांनी संडरलंडला 4-2 हरवलं तेव्हा बहुतेकांनी ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून सोडून दिलं. लेस्टर 81 गुणांनी जिंकलं, दुसऱ्यापेक्षा दहा गुण जास्त.

त्याच 2015-16 मध्ये गतविजेती चेल्सी डिसेंबरात सोळाव्या क्रमांकावर होती आणि प्रशिक्षक मोरिन्यो यांची गच्छंती झाली. मँचेस्टर सिटीची कथा याहून अजब: 1937 चे विजेते 1938 मध्ये थेट खाली गेले, तेही श्रेणीत सगळ्यांत जास्त, 80 गोल करून! क्रिस्टल पॅलेस 2017 मध्ये पहिले सातही सामने एकही गोल न करता हरलं. त्यातल्या चौथ्या पराभवानंतर प्रशिक्षकाला घरी पाठवलं. आठव्या सामन्यात त्यांनी गतविजेत्या चेल्सीला 2-1 हरवलं आणि शेवटी अकरावं स्थान गाठलं. तीन-चार सामन्यांत कोण कोणाशी खेळलं, चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर फार काही ठरतं. फुटबॉलमध्ये गोलच इतके थोडे होतात की नशिबाचा वाटा धुऊन निघायला महिने लागतात.

पैशाने मात्र या आशेची उंची कापली आहे, हे मान्य करावं लागेल. इंग्लंडमध्ये पूर्वी मार्चअखेरीपर्यंत खेळाडू घेता येत. 2002-03 पासून खरेदीची खिडकी उन्हाळ्यात आणि जानेवारीतच उघडते. त्यामुळे ऑगस्टअखेर चाहत्याचं निम्मं लक्ष मैदानावर आणि निम्मं सही झाली की नाही याकडे असतं. पण मोठी खरेदी परवडते ती मूठभर क्लबांना. बायर्न म्युनिकने 2013 ते 2023 असं सलग अकरा वेळा विजेतेपद नेलं. इंग्लंडमध्ये 2023-24 मध्ये बढती मिळालेले तिन्ही संघ लगेच परत गेले, पुढच्या वर्षीही तसंच. अशा क्लबांचे चाहते आता सतराव्या जागेचं, म्हणजे खाली न जाता टिकण्याच्या शेवटच्या जागेचं, स्वप्न बघतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही.

बायर्नची साखळी तोडली ती लेव्हरकुझनने, 2023-24 मध्ये, एकही लीग सामना न हरता. त्याच्या आदल्या हंगामात आठ सामन्यांनंतर हा संघ शेवटून दुसरा होता, आणि नव्या प्रशिक्षकाच्या, शाबी अलोन्सोच्या, गाठीशी मोठ्या लीगमध्ये प्रशिक्षक म्हणून काम केल्याचा अनुभव शून्य होता.