अणुभट्टीचं व्याज कोण भरणार?

राजापूर तालुक्यातला माडबनचा सडा पावसाळ्यात हिरवागार असतो आणि दिवाळीनंतर जांभ्याचा कातळ पुन्हा उघडा पडतो. या सड्यावर जैतापूर प्रकल्पाच्या 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या उभारायच्या, असा करार डिसेंबर 2010 मध्ये झाला. सुमारे 938 हेक्टर जमीन संपादित झाली, आंदोलनं पेटली, एप्रिल 2011 च्या गोळीबारात एकाचा जीव गेला. आता 2047 पर्यंत देशात 100 गिगावॉट अणुवीज असं उद्दिष्ट ठरलं आहे, आणि त्यासाठी सरकारी तिजोरीकडे हात पसरले जाणार हे उघड आहे. नव्या अणुभट्ट्यांना असा पैसा देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तारापूर 1969 पासून आपल्याच किनाऱ्यावर आहे. उभ्या असलेल्या सुरक्षित भट्ट्या जरूर चालवाव्यात. प्रश्न नव्यांचा आहे.

अणुवीज महाग का पडते, याचं उत्तर भौतिकशास्त्रातच आहे. एक ग्रॅम युरेनियम-235 पूर्ण विखंडित झालं, म्हणजे त्याचे सगळे अणू फुटले, तर चांगल्या प्रतीच्या तीन टन कोळशाइतकी उष्णता देतं. इंधन इतकं थोडं लागतं की त्याचा खर्च एकूण खर्चात किरकोळच. खरा खर्च आहे ती उष्णता ताब्यात ठेवण्याचा. कोळशाची भट्टी विझवली की विझते. अणुभट्टीत विखंडन थांबवलं तरी आत साठलेली किरणोत्सारी मूलद्रव्यं क्षय पावत राहतात, आणि बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. जैतापूरच्या एका भट्टीची औष्णिक क्षमता सुमारे 4590 मेगावॉट, म्हणजे बंद भट्टीतसुद्धा सुरुवातीला 300 मेगावॉटच्या आसपास उष्णता. ती तासागणिक उतरते, पण पाणी फिरवत राहावंच लागतं. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाला भट्ट्या भूकंपानंतर ठरल्याप्रमाणे बंद पडल्या होत्या. त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि गाभे, म्हणजे आतलं इंधन, वितळले.

म्हणून या फ्रेंच भट्टीत सुरक्षेच्या चार स्वतंत्र यंत्रणा आहेत, दुहेरी कवच आहे, वितळलेला गाभा झेलायला खाली खास जागा आहे. हे सगळं हवंच. यातलं काही गाळून भट्टी स्वस्त करावी असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण हे बांधायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत एक युनिटही वीज विकली जात नाही.

हापूसची कलमं लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कर्ज काढून बाग लावली, फळ मात्र पाच-सहा वर्षांनी, तोवर व्याज चालूच. शेकडा नऊ दराने पैसे आठ वर्षांत दुप्पट होतात आणि सोळा वर्षांत चौपट. फिनलंडच्या ओल्किलुओटोला याच जातीच्या भट्टीचं काम 2005 मध्ये सुरू झालं. ती 2009 मध्ये चालू व्हायची होती. नियमित वीज मिळू लागली एप्रिल 2023 मध्ये. फ्रान्सच्या स्वतःच्या फ्लामनव्हिलमध्ये 2007 ला सुरुवात झाली आणि डिसेंबर 2024 मध्ये ती ग्रीडला जोडली गेली, 3.3 अब्ज युरोंचा अंदाज 13 अब्जांच्या पुढे गेला. चीनने तैशानला तीच भट्टी नऊ वर्षांत उभी केली, पण तीही ठरल्यापेक्षा उशिरानेच.

हा उशीर खासगी सावकार अंगावर घेत नाही. मग सरकार पुढे येतं, आणि ते नेहमी रोख अनुदान देऊनच येतं असं नाही. ब्रिटनने हिंकली पॉइंटच्या नव्या अणुकेंद्राला 35 वर्षांसाठी विजेचा भाव बांधून दिला: 2012 च्या किमतींनुसार मेगावॉट-तासाला 92.50 पौंड, वर महागाईप्रमाणे वाढ. भारतात 2010 च्या कायद्याने अपघात झाल्यास अणुकेंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी 1500 कोटी रुपयांवर थांबवली होती. फुकुशिमाचा खर्च जपान सरकारने 2016 मध्ये साडेएकवीस लाख कोटी येन धरला. रुपयांत तो दहा लाख कोटींच्या पुढे जातो. या दोन आकड्यांमधली दरी जनतेने भरायची. विमा कंपनीने हा हप्ता मागितला असता तर अणुविजेचा खरा भाव कळला असता. अनुदान ते यालाच म्हणायचं.

आणि हमीचा अर्थ कोकणाला कुणी शिकवायची गरज नाही. गुहागर तालुक्यात एन्रॉन कंपनीचा वीज प्रकल्प आला तेव्हा राज्य सरकारची हमी होती, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी होती. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार द्यायचाच असा करार होता. 1999 ला वीज सुरू झाली, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकेतली मूळ कंपनीही बुडाली. पुढे 2005 मध्ये सरकारी कंपन्यांनाच तो ताब्यात घ्यावा लागला. तिथे तर साधं गॅस-टर्बाइन होतं.

हाच पैसा दुसरीकडे लवकर फळतो. भात काढल्यावर त्याच ओलीवर कुळीथ पेरावा, तसं सौरऊर्जेचं आहे. वर्ष-दोन वर्षांत वीज, आणि 2017 मध्येच राजस्थानात भडल्याच्या लिलावात भाव युनिटला 2.44 रुपयांवर आला होता. रात्रीचं काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्या पाठीशी उभा आहे. हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली सोडलं की साधारण एक युनिट वीज मिळते. दुपारच्या सौरविजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. चढवताना-उतरवताना वीस-पंचवीस टक्के ऊर्जा वाया जाते, तरी हिशेब बसतो. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरला 250 मेगावॉटचं असं केंद्र 2008 पासून आहे.

आणि नुसती वीज तयार करून भागत नाही, ती घरापर्यंत पोचावी लागते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतली गावं कित्येक दिवस अंधारात होती. पंप बंद, म्हणून विहिरीत पाणी असून नळाला नाही. राज्यात तेव्हा विजेचा तुटवडा नव्हता. टाळेबंदीमुळे मागणी उलट घटलेली होती. पडले होते ते खांब, आणि तुटल्या होत्या त्या वाडीपर्यंत येणाऱ्या तारा.