न बोलणाऱ्या मुलासाठी संवाद साधन: कागद कोणते, अर्ज कुठे

मूल बोलत नाही, किंवा बोललेलं घराबाहेरच्यांना कळत नाही. अशा वेळी सरकारी कार्यालयात चौकशी केली की पहिलं उत्तर बहुतेकदा श्रवणयंत्राचं मिळतं. ज्या मुलाला नीट ऐकू येतं त्याला ते घेऊन काय करायचं? सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक मुलांची गरज वेगळी असते. कुणाला चित्रांचा तक्ता लागतो. कुणाला बटण दाबलं की आधी भरून ठेवलेलं वाक्य बोलणारं यंत्र लागतं, तर कुणाला टॅबलेटवरचं ॲप, ज्यात चित्राला बोट लावलं की आवाज येतो. थेरपिस्ट मंडळी या सगळ्याला मिळून एएसी, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद, म्हणतात.

महाराष्ट्रात ही साधनं सरकारी खर्चाने मिळवण्याचे मुख्य मार्ग तीन: दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना, शाळेमार्फत समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची योजना, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा पाच टक्के दिव्यांग निधी. कागद बरेचसे सामाईक आहेत. त्यामुळे कोणत्याही रांगेत उभं राहण्याआधी फाइल तयार करावी.

हक्काची कलमं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी संवादपद्धती धरल्या आहेत. कलम १७ मधली दोन उपकलमं अर्जात नावानिशी लिहावीत. १७(च) म्हणजे इंग्रजी प्रतीतलं ‘एफ’, त्यात वाचा, संवाद किंवा भाषेची अडचण असलेल्यांसाठी अशा पद्धतींना चालना देण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. ‘जी’ उपकलमात ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधनं मोफत देण्याची तरतूद आहे. मराठी प्रतीत उपकलमांची अक्षरं वेगळी दिसू शकतात, म्हणून इंग्रजी अक्षर सोबत लिहिलेलं बरं. कलम नमूद असलेला अर्ज ‘आमच्याकडे असं काही नसतं’ म्हणून परत करणं टेबलावरच्या माणसाला जरा अवघड जातं.

यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. सोबत मुलाचं आधार, अलीकडचा फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. कार्डाचा रंग टक्केवारीवरून ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि पुढे निळा. योजनांसाठी निदान पिवळं कार्ड हवं.

इथे एक गोष्ट सहज निसटते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे फक्त हातपाय तपासले जातात आणि बोलण्याचा उल्लेख कागदावर येतच नाही. अर्ज भरताना एकापेक्षा जास्त प्रकार निवडता येतात, ते निवडावेत, आणि तपासणीच्या दिवशी वाचेबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. दोन प्रकारांची टक्केवारी सरळ बेरीज करून काढत नाहीत, त्यासाठी ठरलेलं सूत्र आहे. पण ४० च्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला त्याने फरक पडू शकतो. स्वमग्न मुलाच्या प्रमाणपत्रावर ‘वाचा व भाषा’ हा प्रकार नसेल तर घाबरायचं कारण नाही. एडिपची अट ४० टक्क्यांची आहे.

लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. अर्जाच्या दिवशी त्याची मुदत शिल्लक असावी.

अहवाल: खरी मेहनत इथे

बाकीचे कागद सेतू केंद्रात मिळतात, हा मिळत नाही. संवाद साधन मंजूर होणं न होणं बव्हंशी स्पीच थेरपिस्टच्या अहवालावर ठरतं, आणि बहुतेक घरं नेमक्या याच कागदाला सगळ्यात कमी वेळ देतात. अहवाल देणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी हवी आणि नोंदणी क्रमांक सहीखाली हवा.

तपासणी कुठे करायची? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगता संस्था आहे, १९८३ पासूनची. नागपूरला दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, सीआरसी, आहे. या दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. थेरपिस्टची जागा भरलेली आहे का, हे आधी फोन करून विचारावं.

अहवालात ‘टॅबलेटची शिफारस’ एवढीच ओळ असेल तर तो टिकत नाही. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो मुलाचा टॅबसाठीचा हट्ट वाटतो, आणि त्यात त्याची फार चूकही नाही. मुलाला किती समजतं आणि आज ते कसं सांगतं, बोट दाखवून, डोळ्यांनी की ओरडून, हे लिहिलेलं हवं. निवड करायला त्याच्या शरीराचा कोणता भाग भरवशाचा आहे हेही. बोट नीट टेकत नसेल तर पडद्यावर भोकांची जाळी लागेल, किंवा डोक्याने दाबता येईल असा स्विच लागेल. नजर आणि ऐकणं तपासल्याची नोंद असावी. कोणती साधनं वापरून पाहिली, किती दिवस, मुलाने त्यांचं काय केलं, हे तारखांसह असेल तर उत्तम. साधं साधन पुरत नसेल तर का पुरत नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावं, कारण स्वस्त पर्याय का नको हा प्रश्न येणारच. शेवटी साधनाचं नेमकं वर्णन: मराठी आवाज आहे का, व्हीलचेअरला अडकवायचा स्टँड हवा का, पडलं तर वाचवणारं कव्हर, सुटा स्पीकर. स्टँडसाठी नंतर वेगळा अर्ज करत बसणं म्हणजे पुन्हा तीच फाइल, तीच टेबलं.

आणि एक वाक्य न विसरता: ‘हे साधन घरी व शाळेत, दोन्हीकडे दिवसभर वापरायचे आहे.’ याचं कारण पुढे येतं.

या टप्प्यावर घरातूनच विरोध होतो. यंत्र हातात दिलं तर मूल बोलायचा प्रयत्न सोडून देईल, अशी भीती असते. संशोधनाने याला दुजोरा दिलेला नाही. उलट काही मुलांचं बोलणं त्यानंतर वाढलेलं दिसतं. ‘आधी पाच वर्षांचं होऊ दे, मग बघू’ यालाही आधार नाही.

एडिप योजना

ही योजना १९८१ पासून चालू आहे. पालकांचं सगळ्या मार्गांनी येणारं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्म्या किमतीत. त्याच कारणासाठी मागच्या तीन वर्षांत कुठून मदत घेतलेली नसावी. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकाच वर्षाची आहे. मूल वाढतं, साधन अपुरं पडतं, म्हणून ही सवलत.

अर्ज एडिप राबवणाऱ्या संस्थेकडे करायचा. कानपूरची ॲलिम्को ही त्यातली मोठी, साधनं बनवणारीसुद्धा तीच. राष्ट्रीय संस्था, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रं आणि प्रधानमंत्री दिव्याशा केंद्रं इथेही काम होतं. गावाकडे योजना दिसते ती शिबिरांच्या रूपात: आधी तपासणी शिबिर, काही काळाने वाटप शिबिर. पहिल्या शिबिरात नाव नोंदलं नसेल तर दुसऱ्यात जाऊन उपयोग नाही.

शिबिरात व्हीलचेअर, तीनचाकी, श्रवणयंत्रं, शैक्षणिक किट यांचीच चलती असते. संवाद साधन हवं असेल तर अहवाल पुढे करून मागावं लागतं आणि तपासणीच्या फॉर्मवर ते लिहिलं गेलं का, हे तिथेच वाचून घ्यावं लागतं. नको असलेलं किट ‘मिळतंय तर घेऊया’ म्हणून घेतलं, तर ‘त्याच कारणासाठी मदत मिळाली’ असा शेरा पुढच्या अर्जाला आडवा येऊ शकतो. बाहेरगावाहून केंद्रावर जावं लागलं तर मूल आणि सोबतच्या एका माणसाचं प्रवासभाडं मर्यादेत देण्याची सोय आहे. तिकिटं जपून ठेवा.

शाळेमार्फत

मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत असेल तर समग्र शिक्षेतली समावेशित शिक्षणाची तरतूद लागू होते. तिची सुरुवात मुख्याध्यापकांपासून. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत मुलाची नोंद विशेष गरजा असलेलं बालक म्हणून झाली आहे का, ते विचारा. नोंद नसेल तर योजनेच्या हिशेबात ते मूल नाहीच. त्यानंतर गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक किंवा समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ मुलाला पाहतात आणि तालुका पातळीवरच्या शिबिरात नाव जातं.

यासाठी प्रति बालक प्रति वर्ष ३,५०० रुपयांपर्यंतचं प्रमाण आहे. ही रक्कम पालकांच्या हातात येत नाही, ती तालुक्या-जिल्ह्याच्या नियोजनात एकत्र धरतात. मुलींना याशिवाय महिना २०० रुपये, दहा महिने, प्रोत्साहन भत्ता असतो. शाळेत जाऊच न शकणाऱ्या मुलासाठी गृहआधारित शिक्षणाची सोय आहे आणि साधनाची मागणी तिथूनही करता येते.

विनाअनुदानित खासगी शाळेला हा निधी मिळत नाही. तरी मान्यताप्राप्त शाळा म्हणून कलम १६ खाली वाजवी सोयी देणं तिला टळत नाही. वर्गात साधन वापरू न देणं हे त्या कलमाच्या विरोधातच जातं.

आता अहवालातल्या ‘घरी व शाळेत’ या वाक्याचं कारण. शाळेच्या खात्यातून आलेलं साधन डेडस्टॉक रजिस्टरला चढतं आणि मग मुख्याध्यापक ते कपाटातून बाहेर काढायला कचरतात. हरवलं तर वसुली आपल्यावर, ही त्यांची भीती खोटी नाही. परिणाम असा, की मूल दुपारी घरी गेलं की मुकं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने मुकं. म्हणून मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहून घ्या, की साधन मुलासोबत घरी जाईल. पालकांनी ताबापावती द्यावी, म्हणजे मुख्याध्यापकही निर्धास्त. एडिपमधून मिळालेलं साधन मुलाच्या नावावर असतं, तिथे हा प्रश्न येत नाही. दोन्ही मार्ग खुले असतील तर मुख्य यंत्र एडिपमधून मागावं आणि वर्गातले तक्ते, स्विच, शिक्षकांचं प्रशिक्षण समग्र शिक्षेतून.

पाच टक्के निधी

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. २०१८ पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होतं. लहान ग्रामपंचायतीचं उत्पन्न तुटपुंजं, तिथे यंत्र येणार नाही, पण स्टँड किंवा स्विच येऊ शकतो. महानगरपालिकांकडे रक्कम मोठी असते. अर्जासोबत दरपत्रक जोडावं आणि मार्चची वाट पाहू नये.

फाइलमध्ये काय हवं

यूडीआयडी कार्ड आणि प्रमाणपत्र, दोन्ही. मुलाचं व पालकाचं आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, थेरपिस्टचा अहवाल, फोटो, मुलाच्या नावाचं बँक पासबुक, यापूर्वी असं साधन घेतलेलं नाही असं स्वयंघोषणापत्र. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढला तर महिन्या-दीड महिन्यात पुन्हा काढावा लागतो. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी फाइल अडते. तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

अर्ज अडला तर

पोचपावतीशिवाय अर्ज देऊ नका. तोंडी नकार मिळाला तर ‘लेखी द्या’ एवढंच म्हणा; अर्ध्या वेळा तिथेच सूर बदलतो. शाळेबद्दलची तक्रार जिल्हा शिक्षण कार्यालयातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या समन्वय अधिकाऱ्याकडे करायची. असा अधिकारी नेमणं २०१७ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यापुढे पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त. फाइल नुसतीच पडून असेल तर माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही’ मागावी.

मंजुरीला महिने जातात, तोवर मुलाला थांबवून ठेवायची गरज नाही. घरातल्या वस्तूंचे, माणसांचे फोटो छापून तक्ता आजच करता येतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं ॲप मोफत आहे. या काळात मूल काय काय वापरू लागलं त्याचे छोटे व्हिडिओ तारखेसह ठेवा आणि थेरपिस्टला दाखवा. अहवालातला ‘वापरून पाहिलेली साधने’ हा रकाना त्यातूनच भरतो.