एमपीएससीचे सदस्य कसे नेमले जातात? पात्रता, कागदपत्रे आणि वयाचा हिशेब

परीक्षा देणाऱ्या मुलांना आयोगाचा अभ्यासक्रम तोंडपाठ असतो, पण मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसणारे सदस्य त्या खुर्चीपर्यंत कसे पोचतात, हे अनेकांना माहीत नसते. ते माहीत असायला हवे, कारण सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की मुलाखतींची पॅनेल कमी पडतात आणि निकाल लांबतो.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष व सदस्य यांची नेमणूक संविधानाच्या अनुच्छेद ३१६ नुसार राज्यपाल करतात. गोव्याच्या आयोगालाही हाच अनुच्छेद लागू आहे. प्रत्यक्षात फाईल मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागात तयार होते, मुख्यमंत्र्यांकडे जाते आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आदेश काढतात. विधिमंडळाची मंजुरी लागत नाही. सदस्य किती असावेत, हे अनुच्छेद ३१८ खालच्या विनियमांनी ठरते.

पात्रतेबद्दल संविधान फार थोडे बोलते. शक्य तितके निम्मे सदस्य असे हवेत, ज्यांनी नेमणुकीच्या दिवसापर्यंत केंद्र किंवा राज्य सरकारची किमान १० वर्षे सेवा केली आहे. उरलेल्यांसाठी पदवीची अटसुद्धा नाही. याचा अर्थ सरकारने कुणालाही बसवावे असा होत नाही. पंजाब आयोगाच्या अध्यक्षांची नेमणूक न्यायालयात रद्द झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती रद्द करणे योग्यच ठरवले. सचोटी आणि कुवत यांची खरी पडताळणी न करता नाव पुढे पाठवणे त्या निकालानंतर सरकारला महागात पडू शकते. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा निकाल हाच.

आता वय. कार्यकाळ ६ वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, यातले जे आधी येईल ते. (केंद्रीय आयोगात ही मर्यादा ६५ आहे.) ६० व्या वर्षी निवृत्त होणारा सनदी अधिकारी इथे आला तर जेमतेम दोन वर्षे मिळतात, ५८ ला निवृत्त झालेल्या राज्य सेवेतल्या अधिकाऱ्याला चार. पूर्ण सहा वर्षे हवी असतील तर ५६ पूर्ण होण्याच्या आत नेमणूक व्हायला हवी. म्हणजे जागा कधी रिकामी होणार, ती तारीख नेमणुकीच्या दिवशीच सरकारला ठाऊक असते. तरी जागा रिकाम्या राहतात. २०२१ च्या जुलैमध्ये सर्व रिक्त जागा महिनाअखेरपर्यंत भरू, असे सरकारला विधानसभेत जाहीर करावे लागले होते. फाईल सहा महिने आधी हलवली तर ही वेळ येणार नाही.

विभागाने अर्ज मागवले की जाहिरातीतला नमुनाच वापरा. सोबत जन्मतारखेचा पुरावा, सेवेचा कालावधी दाखवणारे कार्यालयाचे प्रमाणपत्र, शैक्षणिक कागद, विभागीय चौकशी किंवा फौजदारी खटला प्रलंबित नसल्याचे प्रमाणपत्र वा शपथपत्र आणि मालमत्तेचे विवरण तयार ठेवा. सेवेचे प्रमाणपत्र मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याचा अर्ज आधीच देऊन ठेवावा. चालू खटला लपवू नका. तो नंतर उघडकीला आला तर नेमणूकच अडचणीत येते.

अर्ज करण्याआधी पुढचाही विचार करा. त्याच पदावर पुनर्नेमणूक मिळत नाही. आयोगातून बाहेर पडल्यावर केंद्र वा राज्य सरकारची नोकरी करता येत नाही; अनुच्छेद ३१९ प्रमाणे राज्य आयोगाच्या सदस्याला फक्त केंद्रीय आयोगावर किंवा एखाद्या राज्य आयोगाच्या अध्यक्षपदी जाता येते. राजीनामा राज्यपालांकडे द्यायचा असतो. मात्र काढून टाकण्याचा अधिकार राज्यपालांना नाही. तो राष्ट्रपतींकडे आहे, आणि गैरवर्तनाचा आरोप असेल तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते. नेमणाऱ्या सरकारच्या मर्जीबाहेर जाऊनही सदस्याला निर्भयपणे काम करता यावे, म्हणून ही तरतूद आहे.