पाच थेंबांचा हिशोब

मे महिन्यातली रात्र, साडेअकराचा सुमार. नागपुरातल्या आमच्या त्रिमूर्ती नगरात लाइट गेली, कूलर बंद पडला. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरचा दहा वर्षांचा मुलगा पिंजरा छातीशी धरून आमच्या दारात उभा. "काकू, पाहा ना, चिकूच्या पंखातून रक्त येऊन राहिलं. थांबूनच नाही राहिलं!" मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं तर पिंजऱ्याच्या गजांवर, पाण्याच्या वाटीवर, खाली अंथरलेल्या कागदावर सगळीकडे लाल शिंतोडे. निळ्या-पांढऱ्या बजीच्या उजव्या पंखाची खालची कड भिजून चिकटली होती. मागून जिना उतरत आलेली त्याची आई म्हणाली, "एवढं रक्त गेलं ताई, वाचेल का हो?"

एवढं म्हणजे किती, हे आधी पाहावं लागतं.

आपल्याकडे दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे पाखरू मिळतं ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजेच बजी, असतं. खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडचे; बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ मुलखातला. १८४० साली पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभरच्या घरांत पोचला. त्याचं वजन भरतं साधारण ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षाही कमी. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या सुमारे दहा टक्के रक्त असतं, असं धरलं तर ३५ ग्रॅमच्या बजीचं सगळं रक्त होतं साडेतीन मिलिलिटर. चहाचा एक चमचा पाच मिलिलिटरचा. अख्ख्या जिवाचं रक्त त्या चमच्यातही काठोकाठ भरत नाही.

आता थेंब मोजू. एक मिलिलिटर म्हणजे ढोबळमानाने वीस थेंब. आपण रक्तदान करतो तेव्हा ३५० मिलिलिटर देतो, म्हणजे अंगातल्या पाचेक लिटरपैकी सात टक्के. त्याच प्रमाणात बजीचं 'रक्तदान' होतं पाच थेंबांचं. पाच थेंब गेले तर निरोगी बजी ते सहन करतो. रक्त जाणं सोसण्यात पक्षी आपल्यापेक्षा काटकच असतात. सात-आठ थेंबांपर्यंत गेलं की काळजीची वेळ. वीस थेंब म्हणजे आपलं जवळजवळ दीड लिटर, तिथे जीव धोक्यात. हा हिशोब दोन्ही बाजूंनी उपयोगाचा आहे. घाबरलेला बजी पंख फडफडवतो तेव्हा एकेक थेंब दहा ठिकाणी उडतो आणि तीन थेंबांत पिंजरा भीतिदायक दिसायला लागतो. उलट, एखादा थेंब दर अर्ध्या मिनिटाने शांतपणे ठिबकत राहिला तर कुणाच्या लक्षातही न येता दहा मिनिटांत वीस थेंब होतात. म्हणून शिंतोडे पाहायचे नाहीत, ठिबकणं पाहायचं.

मुळात पिसातून रक्त येतंच कसं? पूर्ण वाढलेलं पीस आपल्या नखासारखंच असतं. केराटिन या प्रथिनाचं, आत पोकळ, कापलं तरी दुखत नाही. पण बजी पिसं गाळतो तेव्हा जुनं पीस पडलेल्या जागी नवं कोंब फुटल्यासारखं वर येतं. सुरुवातीला ते पांढुरक्या मेणचट आवरणात गुंडाळलेल्या काट्यासारखं दिसतं. डोक्यावर असे काटे आलेला बजी सगळ्यांनी पाहिलेला असतो. पंखाचं आणि शेपटीचं पीस लांब वाढायचं असतं, त्याला सामान भरपूर लागतं. म्हणून त्याच्या दांड्यातून एक धमनी आणि शीर वर गेलेली असते. उजेडात धरलं तर तो दांडा निळसर-काळपट दिसतो. डॉक्टर त्याला 'ब्लड फेदर' म्हणतात. पीस पूर्ण वाढलं की रक्त हळूहळू मागे हटतं, दांडा पांढरा, पारदर्शक होतो.

या मधल्या काही आठवड्यांत ते पीस आपटलं, की तुटतं. कातडी कापली तर आजूबाजूचं मऊ मांस आकसून रक्तवाहिनीवर दाब देतं. इथे मात्र रक्तवाहिनी एका कडक नळीत आहे. म्हणून साध्या खरचटण्यापेक्षा हे पीस जास्त वेळ गळतं. आणि अपघात व्हायला फार काही लागत नाही. भिंतीवर पाल सरकली, खिडकीत मांजर आलं, दिवाळीत रात्री फटाका फुटला किंवा त्या रात्रीसारखी एकदम लाइट गेली. गाढ झोपेतला बजी अंधारात दचकून उडतो आणि चारी बाजूंच्या गजांवर आदळतो.

त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगते. आधी मुलाला पिंजऱ्याचं दार बंद ठेवायला सांगितलं आणि टॉर्च बाजूला वळवला. अंधुक उजेडात बजी उडत नाही, पकडणं सोपं जातं. धुतलेला मऊ रुमाल घेऊन वरून अलगद धरला. मान दोन बोटांच्या मध्ये, पाठ तळहाताला टेकलेली आणि छाती पूर्ण मोकळी. ही छातीची गोष्ट मी कुणालाही दोनदा सांगते. आपल्याला पोट आणि छातीच्या मध्ये श्वासपटल असतं. पक्ष्याला ते नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्याच्यात हवा जाते-येते. प्रेमाने का होईना, मुठीत आवळला तर तो गुदमरून जातो, आणि मग रक्तानेच गेला असं आपण समजतो.

पंख हळूच पसरला. कडेपासून चौथं पीस मधोमध मोडलेलं, काळपट दांड्याच्या टोकाशी रक्ताचा मणी धरत होता, फुटत होता. गॉजचा तुकडा टोकावर ठेवला आणि कातडीपासून तुटलेल्या जागेपर्यंतचा दांडा दोन बोटांत धरून ठेवला. सुटा कापूस नको. त्याचे तंतू गुठळीत अडकतात आणि काढताना गुठळीही ओढून नेतात. घड्याळ लावून तीन मिनिटं. थांबलं का म्हणून मध्ये उचलून पाहायचं नाही, कारण पाहिलं की गुठळी पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटं फार मोठी असतात. मुलगा सेकंद मोजत होता.

गॉज काढल्यावर टोक ओलसर होतं. स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लोअर आणलं, चिमूटभर तुटलेल्या टोकावरच दाबलं आणि आणखी एक मिनिट धरलं. पीठ पाणी शोषून घेतं, त्यामुळे रक्तातले गोठणारे घटक दाट होतात आणि गुठळीला धरायला आधार मिळतो. कॉर्नफ्लोअर नसेल तर मैदा चालतो. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा टोकावर काळसर टिकली जमली होती.

हळद? प्रत्येक घरात पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो, त्या माउलीचाही गेला होता. मी नको म्हटलं. हळदीच्या रंगाने खाली रक्त चालू आहे की थांबलं ते कळत नाही. आणि काम करतो तो दाब. पूड फक्त मदत करते. तुरटी रक्त थांबवते खरी, पण उघड्या कातडीवर ती झोंबते आणि बजी ती चोचीने चाटून पोटात घेतो. डब्यातली जंतुनाशक द्रवं, मलम, खोबरेल, व्हॅसलिन यांतलं काहीच लावायचं नाही. तेलकट झालेलं पीस ऊब धरत नाही, आणि पीस साफ करायला बजी चोच लावणारच. माणसाची वेदनाशामक गोळी तर चुकूनही नाही. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन आपली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. आपल्याला चालणारं औषध पक्ष्याच्या मूत्रपिंडाला चालेलच असं नाही.

आता उपटण्याबद्दल. पुष्कळ लोक सांगतात, 'पीस मुळापासून ओढून काढा, रक्त थांबतं.' जुन्या पुस्तकांतही हाच सल्ला असायचा. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या बजीला असंच झालं तेव्हा एका ओळखीच्या पक्षीवाल्याच्या सांगण्यावरून मी चिमट्याने पीस ओढलं. रक्त पिसातलं थांबलं आणि खड्ड्यातून सुरू झालं. पाखरू ओरडलं, तो आवाज मी विसरलेले नाही. त्यानंतर आठ दिवस तो पंख खाली लोंबत होता. नंतर पक्ष्यांच्या डॉक्टरांनी पंखाच्या हाडावर बोट ठेवून समजावलं. पंखाची मोठी पिसं नुसती कातडीत रोवलेली नसतात, त्यांची मुळं थेट हाडाला बांधलेली असतात. उडताना सगळा जोर त्या जोडावर येतो, म्हणून तो मजबूत असतो. हाड न धरता झटका दिला तर काडीएवढं ते हाडच मोडू शकतं. पिसाचा खड्डा फाटला तर पुढचं पीस वाकडं येतं किंवा येतच नाही. आणि कोवळ्या पिसाच्या मुळाशी मज्जातंतू जिवंत असतात. ते ओढणं म्हणजे भूल न देता नख उपटणं.

कधीकधी उपटावं लागतं, हे खरं. दाब आणि पीठ दोनदा करूनही ठिबकणं थांबत नसेल तर. पण ते डॉक्टरांनी, पंखाचं हाड पक्कं धरून, गरज पडली तर भूल देऊन करायचं काम आहे. रक्त थांबलेलं पीस तसंच राहू द्यावं. आत रक्त आटतं, दांडा वाळतो आणि पुढच्या पीसगळतीत आपोआप पडतो.

रक्त थांबलं की अर्धं काम झालं. गुठळी कोवळी असते आणि बजीला ती टोचते. तो चोच लावून उकरतो किंवा फडफडून पुन्हा गजावर आपटतो. म्हणून चिकूला एका बुटाच्या खोक्यात ठेवलं. झाकणाला भोकं, तळाला पांढरा टिश्यू पेपर. अंधारात तो शांत बसतो, आणि पांढऱ्या कागदावर नवा थेंब पडला तर लगेच दिसतो. पाण्यात भिजवलेली थोडी कांगणी (पाखरांना घालतात ते बारीक धान्य) आणि बाटलीच्या झाकणात पाणी. दर पंधरा मिनिटांनी डोकावणं.

परदेशी माहितीत इथे हमखास लिहिलेलं असतं, आजारी पक्ष्याला दिव्याची ऊब द्या. डिसेंबरात, नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हे बरोबर आहे. खोक्याच्या बाहेर एका बाजूला बल्ब ठेवावा, म्हणजे नको वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकता येतं. मे महिन्यात मात्र दिवसा ४५ अंश झालेलं असतं आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, एवढेच त्याचे उपाय, आणि रक्त गेलेल्या जिवाला ते श्रम परवडत नाहीत. आम्ही खोकं फरशीवर, हवेशीर कोपऱ्यात ठेवलं. लाइट आल्यावर कूलर लावला, पण झोत थेट खोक्यावर येणार नाही असा.

डॉक्टरांकडे केव्हा न्यायचं? दहा मिनिटं दाबूनही थांबत नसेल. पाखरू पिसं फुगवून तळाला बसलं असेल, डोळे मिटत असेल, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, पाय फिकट दिसत असतील. मांजराचा दात लागला असेल तर जखम टिचभर असली तरी लगेच, कारण त्या लाळेतले जंतू पक्ष्याला एकदोन दिवसांत मारू शकतात. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बजी हाताळतात असं नाही. म्हणून पक्षी पाहणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. तिथेही विचारता येतं. संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेली घार किंवा घुबड सापडलं, तर त्याच टेकडीवर वन विभागाचं उपचार केंद्र आहे. ते जंगली जीवांसाठी, बजीसाठी नाही.

एकच पीस एकदा तुटलं तर तो अपघात. पण पिल्लाच्या किंवा तरुण बजीच्या पंखाची आणि शेपटीची पिसं वरचेवर गळत असतील, पडलेल्या पिसाच्या दांड्यात वाळलेलं रक्त दिसत असेल, तर तो पॉलिओमा किंवा सर्कोसारख्या विषाणूचा आजार असू शकतो, आणि बाकीच्या पाखरांना तो लागतो. त्याला वेगळं ठेवून तपासणीच हवी.

चिकूच्या बाबतीत कारण पंख पसरल्यावरच दिसलं होतं. विकत आणला तेव्हा दुकानातच त्याचे पंख कापलेले होते. पीसगळतीत एका वेळी दोन्ही पंखांची एखाददोनच पिसं पडतात. नवं कोवळं पीस वाढतं ते दोन्ही बाजूंच्या जुन्या, कडक पिसांच्या आडोशाला. ती पिसंच कापलेली असतील तर कोवळं पीस एकटं पुढे येतं, आणि गजावर पहिला मार त्यालाच बसतो. पंख कापलेल्या बजीची पिसं म्हणूनच पुन्हा पुन्हा तुटतात. 'उडून जाऊ नये म्हणून' कापतात, ती भीती मला कळते. पण खिडकीला जाळी लावणं त्या पाखराच्या जिवाला कितीतरी स्वस्त पडतं. मुलाच्या आईने दुसऱ्याच दिवशी जाळीवाल्याला फोन केला. पिंजऱ्याजवळ चार्जिंगचा झिरो बल्ब लावला, लाइट गेली तरी मंद उजेड राहतो असा.

पहाटे पाचला खोकं उघडलं. कागदावर नवा थेंब नव्हता, कांगणीची सालं होती. चिकू पिंजऱ्यात परत गेला, खालच्या दांडीवर बसून पंख साफ करायला लागला. वाळलेलं ते खुंट त्याने दोनदा चोचीत धरून सोडून दिलं.

दिवाळीच्या आधी मुलगा पुन्हा जिना उतरून आला. हातात काडेपेटी, आत तेच मोडकं पीस. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये सापडलं म्हणाला. त्याने दांडा खिडकीच्या उजेडात धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. "काकू, आतून पाहा ना. पूर्ण खाली होऊन गेला."