पार्श्वभूमी : शिकवायची स्की, स्वतःची स्की आणि रेडियसचा घोळ

दिवसभर वर्ग घ्यायचे आणि शेवटचा विद्यार्थी खाली पोचला की त्याच स्कीवर स्वतःसाठी दोन-चार फेऱ्या मारायच्या. अशी दोन्हीकडे चालणारी कार्व्हिंग स्की (न घसरता, कडेवर कलून वळणारी) कोणती, हा प्रश्न जेमतेम तीस वर्षांचा आहे. त्याआधी तो कुणाला पडलाच नव्हता. प्रशिक्षक दोन मीटरची स्की घेऊन कामावर यायचा आणि सुट्टी झाली की तीच घेऊन हिंडायचा. लांबी हीच पत होती, २०५ वाल्याचा रुबाब १९५ वाल्यापेक्षा जास्त.

साइडकट, म्हणजे स्कीच्या कडेची आत वळलेली कमान, काही नवा नाही. नॉर्वेच्या तेलेमार्क भागात १८६० च्या दशकातच कमरेशी निमुळत्या लाकडी स्की होत्या. पुढे १९२० च्या दशकात ऑस्ट्रियात पोलादी कडा आल्या, १९५० च्या सुमारास अमेरिकेत धातूचे थर आले, १९६० च्या दशकात प्लॅस्टिकचे बूट आले. आकार मात्र फारसा हलला नाही. १९८० च्या दशकातली नेहमीची लांब स्की म्हणजे टोक ८८, कंबर ६८, शेपूट ७८ मिलिमीटर, असा मामला. साइडकटची खोली सात-साडेसात मिलिमीटर भरते आणि त्यातून निघणारं वर्तुळ पन्नास मीटरच्या आसपास त्रिज्येचं. एवढ्या मोठ्या वर्तुळावर नुसतं कडेवर राहून वळायचं तर उतार पुरायचा नाही. म्हणून सगळेच स्की सपाट करून, पायांनी फिरवून, घसरवत वळायचे. शिकाऊ माणसाचा स्नोप्लाऊ (टोकं जवळ, शेपटं लांब करून वेग आवरणं) आणि प्रशिक्षकाचं स्वतःचं वळण यांत फरक होता तो सफाईचा, जात एकच होती. एक जोडी दोन्ही कामांना पुरायची ती त्यामुळे.

मधे एक वेगळा प्रयोग होऊन गेला. १९६० च्या दशकात अमेरिकेत काही शाळांनी नवख्यांना आधी मीटरभर लांबीची स्की द्यायला सुरुवात केली आणि जमेल तशी लांबी वाढवत नेली. आखूड स्कीवर माणूस लवकर शिकतो हे तेव्हाच कळलं होतं. पण आखूड स्की ही शिकवणाऱ्यानेही वापरायची गोष्ट आहे असं कुणी म्हणेना.

खरी उलथापालथ १९९३ च्या आसपासची. स्लोव्हेनियातल्या एका कारखान्यात १९८० च्या दशकाच्या शेवटापासून खोल साइडकटवर काम चाललं होतं. त्यातून जी स्की बाजारात आली तिची खोली रूढ स्कीच्या तिप्पट, बावीस मिलिमीटरच्या घरात होती. त्याच सुमाराला ऑस्ट्रियातल्या एका कंपनीनेही असाच फुगीर टोकाचा नमुना आणला. आधी हसू झालं. शर्यतवाल्यांनी तिला शिकाऊंचं खेळणं ठरवलं, आणि पहिला उठाव खरोखरच स्की-शाळांतून आणि भाड्याच्या दुकानांतून झाला. कडेवर कलली की आपोआप वळणारी स्की शिकवणाऱ्याला कुणाला नको होती? दहा वर्षांत हसणाऱ्यांचीच स्लॅलम स्की (जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळत जायच्या शर्यतीची) दोन मीटरवरून १६५ सेंटिमीटरच्या आसपास उतरली. ती इतकी आखूड होत चालली की खालची हद्द बांधावी लागली. आज मोठ्या स्पर्धांत पुरुषांसाठी ती १६५ आणि महिलांसाठी १५५ आहे.

पण शाळांसाठी आलेली ही वस्तू शर्यतीतून फिरून परत आली तेव्हा ती शाळेची राहिली नव्हती. पहिल्या दिवसाचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. उतार जवळजवळ सपाट, वेग चालण्याइतका. प्रशिक्षक स्नोप्लाऊ करून दाखवतो आहे, मागे पोरांची रांग. पायात शर्यतीची स्लॅलम स्की असेल तर शेपटांमध्ये अंतर पाडल्याबरोबर आतल्या कडा बर्फात चावतात. दोन्ही स्कींना आत वळायचं असतं, त्यामुळे टोकं एकमेकांकडे ओढ घेतात. गुडघे आत दाबून जे रूप दाखवायचं, ते मांड्यांनी बाहेर ढकलत सावरावं लागतं. साइडस्लिप, म्हणजे स्की आडवी ठेवून सरळ खाली घसरणं, दाखवायला जावं तर खालची कड मधेच पकडते आणि सरळ खाली घसरण्याऐवजी माणूस पुढे निसटतो. दुपारपर्यंत मांड्या भरून येतात, आणि पोरं प्रशिक्षकाचं वाकडं रूप इमानदारीने गिरवतात. हीच स्की सकाळी रिकाम्या, कडक, नुकत्याच रोलर फिरवलेल्या उतारावर घेऊन जा, मग तिच्याइतकी गोड दुसरी नाही.

यावर तोड म्हणून लोक रेडियसचा आकडा बघू लागले, आणि सगळा घोळ त्या आकड्यात आहे.

शेपटाजवळ छापलेलं असतं : १२१-६८-१०३, रेडियस १३ मीटर, लांबी १६५. हा १३ म्हणजे वळणाची त्रिज्या असं धरून चालणारे निम्म्याहून अधिक सापडतील. ती स्कीच्या कडेच्या कमानीची त्रिज्या आहे, स्की सपाट पडलेली असतानाची. स्की कलली आणि मधून वाकली की प्रत्यक्ष वळण आवळत जातं. ढोबळ हिशेब असा की छापील त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. ४५ अंशांवर १३ चे ९ मीटर होतात, ६० अंशांवर साडेसहा. वर्गात १०-१५ अंशांपलीकडे कल जातच नाही, तिथे १३ ची स्की साडेबाराच्या खाली येत नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून प्रशिक्षक स्की निवडतो, तो त्याच्या कामाच्या वेळी जवळजवळ छापल्याइतका असतो आणि मजेच्या वेळी निम्मा. शिवाय स्नोप्लाऊमध्ये जाच करते ती नुसती त्रिज्या नव्हे. टोक किती रुंद, शेपूट किती ताठ, कडेला कोन किती दिलाय, यांवर जास्त अवलंबून असतं. एकाच मॉडेलचा रेडियस लांबीबरोबर बदलतो हेही विसरलं जातं. मित्राने १६० वर चालवून वाखाणलेली स्की १७५ मध्ये घेतली तर तिचा रेडियस दोन-तीन मीटरनी मोठा निघतो, आणि मग दोष मित्राला. त्यात अलीकडे बऱ्याच स्कींची कड एका कमानीची नसते. टोकाला एक त्रिज्या, मधे दुसरी, शेपटाला तिसरी, आणि छापायला एकच आकडा.

हा आकडा एवढा डोक्यावर बसला, याला शर्यतींचे नियमही कारणीभूत आहेत. जायंट स्लॅलमच्या (काठ्या लांब लांब रोवलेल्या, जास्त वेगाच्या शर्यतीच्या) स्कीला किमान त्रिज्येची अट लागली आणि ती वाढत गेली. पुरुषांसाठी ती २७ मीटर होती, २०१२-१३ च्या हंगामापासून ३५ झाली. स्कीची किमान लांबी १९५ सेंटिमीटर ठरली. कारण दिलं गेलं गुडघ्याच्या दुखापतींचं. खोल साइडकटची स्की वेगात एकदम कड पकडते, पाय तिच्याबरोबर पिळला जातो आणि अस्थिबंध तुटतो, असा निष्कर्ष एका पाहणीतून पुढे आला होता. २०११ च्या उन्हाळ्यात निर्णय कळला तेव्हा खेळाडूंनी मोठा विरोध केला. आम्हाला विचारलं नाही, ही स्की वीस वर्षं मागे नेणारी आहे, पाठीवर ताण येईल, अशी तक्रार होती. सर्वांत कडवटपणे बोलणारा अमेरिकन खेळाडू ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनला नव्या स्कीवर उतरला आणि २.७५ सेकंदांनी जिंकला. शंभराव्या हिश्शांवर निकाल लागणाऱ्या खेळात हे अंतर बेसुमारच. नियम बरोबर होता असा याचा अर्थ काढणारे निघाले, पण निघालं एवढंच की तो गडी कशावरही जिंकला असता. २०१७-१८ पासून अट ३० मीटरवर आणि लांबी १९३ वर आली. पाठीच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हे त्यातून उशिरा का होईना मान्य झालं.

शाळेतल्या माणसाचा याच्याशी संबंध काय? बराच. ३५ मीटरची स्की आपल्यासारख्याला वळतच नाही. शर्यतीच्या जायंट स्लॅलम स्कीची थोडी निवळलेली आवृत्ती पूर्वी हौशी माणूस आनंदाने चालवायचा, ती वाट बंद झाली. तिच्या जागी कंपन्यांनी नियमात न बसणाऱ्या, १७-१८ मीटरच्या स्की त्याच रंगात रंगवून आणल्या. बोलीत यांना 'चीटर' म्हणतात. नाव वाईट, स्की चांगली. स्लॅलमच्या स्कीला मात्र त्रिज्येची अशी अट नसल्याने शर्यतीची आणि दुकानातली स्की आकाराने जवळजवळ सारखीच राहिली. त्यामुळे 'स्लॅलम' या एका शब्दाखाली दोन वस्तू विकल्या जातात. एक रेस विभागातून येणारी, ताठ आणि बुटाखालच्या जड पट्टीची, जी हळू चालवली तर हूं की चूं करत नाही. दुसरी तिच्याखालच्या पायरीवरची. आकार तोच, पण धातूचा थर पातळ किंवा अजिबात नाही, पट्टी हलकी आणि बाइंडिंग (बूट स्कीवर धरून ठेवणारा सांधा) ढिलं लावता येणारं. दोन्ही कामं करणाऱ्याची स्की ही दुसरी, किंवा मग १४ ते १६ मीटरचा साधा कार्व्हर. रेस विभागातल्या स्कीवर वर्ग घेणारे आहेत, नाही असं नाही, पण ते बहुतेक परीक्षेच्या तयारीत असतात किंवा बावीस वर्षांचे.

या शतकाच्या सुरुवातीपासून कंबर रुंद होऊ लागली. भुसभुशीत बर्फासाठी आलेली उलट कमान दहा-बारा वर्षांत उताराच्या स्कीच्या टोकापर्यंत पोचली. टोक जरासं उचललेलं असलं की वर्गात फायदाच होतो. कड उशिरा लागते, स्नोप्लाऊ सैल पडतो. ८०-८५ मिलिमीटरची कंबर मात्र माझ्या मते इथे उगीच शिरली. दुपारी उकरलेल्या बर्फात ती सुखाची वाटते, पण कडेवरून कडेवर जायला वेळ घेते आणि कडक बर्फावर गुडघ्याला कळ लावते. ६८ ते ७४ या पट्ट्यात दोन्ही वेळा निभतात.

सर्वांत कमी बोललं जातं ते तळाच्या कोनाबद्दल. शर्यतीची स्लॅलम स्की बहुधा कडेला तळाकडून अर्धा अंश उतार आणि बाजूने ८७ अंशांचा कोन घेऊन येते. तळ एक अंश केला की तीच स्की हळू वेगात घसरायला लागते, साइडस्लिप सरळ खाली येतो आणि कलवल्यावर धरही राहतो, कारण धर बाजूच्या कोनातून येतो. पुन्हा अर्ध्यावर आणायचं तर सगळा तळ घासावा लागतो, म्हणून नवी जोडी आधी आठवडाभर आहे तशीच चालवतात आणि मग दुकानात नेतात.